मोहाच्या झाडासाठी फेकलेल्या चपला

२४ फेब्रुवारी २०१७, महाशिवरात्र

रविता, लिही. सून माझी अंगणवाडीत आहे, अक्षर चांगलं. माझ्या हाताला अक्षर कधी आलंच नाही, काठी लवकर आली. ती माझं बोलणं शाळेच्या मराठीत उतरवते. उतरवो. भांडणं मात्र जशीच्या तशी लिहायची, नाहीतर चव जाते. ही वही कोणी वाचायची नाही. रवितानंही नाही. नुसती लिहायची.

आज तंटामुक्तीचा अध्यक्ष भैय्यालाल घरी आला आणि कागदावर माझा अंगठा घेऊन गेला. आधी कुंताचा घेतला. कुंता माझी मोठी जाऊ. तिचं घर आमच्या भिंतीला भिंत, तिचं वावर आमच्या वावराला लागून, आणि मधल्या धुऱ्यावर, बांधावर, एक मोहाचं झाड. फुलं माझ्या बाजूला जास्त पडतात. हे आंधळ्यालाही दिसतं, कुंताला दिसत नाही.

आजवरचं थोडक्यात. १९९९: तिच्या डोक्याला तीन टाके. २००४: माझी करंगळी, अजून वाकडी आहे. २०११: माझ्या हातची बंडीची उभारी, बैलगाडीचा तो उभा दांडा, तिच्या पाठीत, तिचा खराटा माझ्या तोंडावर. मागच्या वर्षी मी तिचे मूठभर केस काढले. पांढरे होते, तिचंच भलं केलं.

कागदात असं आहे. होळीपर्यंत एकमेकींच्या अंगाला हात लावायचा नाही, काठी उगारायची नाही, एकमेकींशी बोलायचंही नाही. झाडाचा निकाल मोबाईलवरच्या तीनपत्तीत. दोन्ही घरांना दहा-दहा लाख चिप्स, म्हणजे खोटे पैसे. होळीच्या संध्याकाळी ज्याच्याकडं जास्त, यंदाची फुलं त्या घराची. ही अक्कल माझ्या मुलाची, इंद्रकुमारची. बस स्टँडवर त्याचं मोबाईलचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की तो पोकर का काय ते खेळतो, न पाहिलेल्या माणसांसोबत. नेट सध्या फुकट मिळून राहिलं, म्हणून हे सारं.

कुंताच्या घरून निरोप आला, आमच्या इकडून कोनीतरी खेळीन. कोणीतरी! घरात माणसं दोन. एक ती. दुसरे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. पंचावन्न वर्षं झाली मला या घरात येऊन, मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही आणि दाखवलंही नाही. ते अंगणात यायच्या आधी खाकरतात, मी पदर ओढते. कार्तिकात पडले तेव्हापासून खाटेवर आहेत. देवमाणूस. कुंतासोबत निभवलं, यावरूनच ओळखा. त्यांच्या मुलानं, खुशालनं, नागपूरहून दिवाळीत मोबाईल आणून दिला. आता तो कुंताच्या हातात आला असणार.

उपास आहे. तरी हात शिवशिवून राहिले.

२५ फेब्रुवारी. दुपारी जेवण झाल्यावर.

इंद्रकुमारनं शिकवलं. हिरवं बटण दाबलं की चाल, चिप्स लावले; लाल दाबलं की पत्ते टाकले, डाव सोडला. पत्ते मला लहानपणापासून येतात, मंडईच्या जत्रेत मोठ्या मोठ्यांना रडवलं आहे.

मग त्यानं ज्ञान दिलं. म्हणे, आई, पत्ते सगळ्यांनाच येतात. खरी गोष्ट टेबल इमेज. समोरचा तुले काय समजून रायला, ते. नशीब जोरात असलं की लोकांना ते नशीब आहे हे माहीत नसते. त्याईले वाटते ही म्हातारी हुशार आहे, नाहीतर पागल आहे. दोन्हीतलं काय दिसायचं ते तू ठरवायचं.

मी म्हटलं, मले वाघीन दिसायचं आहे.

म्हणे, वाघीन दिसलीस तर सगळे पळून जातीन, मिळन काय?

मी म्हटलं, कुंता पळून गेली तेच मिळन.

नागझिऱ्याचा वाघ माझ्या नावापुढं लावायला लावला. कुंताच्या नावापुढं कुंताचाच फोटो, खुशालच्या लग्नातला. नाकात नथ, तोंड तेच वाकडं. टेबलावर तिसरा भैय्यालाल, पंच म्हणून, त्यालाही दहा लाख.

खेळायची वेळ ठरली, दुपारी तीन ते पाच. दोन्ही घरांत जनावरं पाच वाजता येतात.

२५ फेब्रुवारी. पाच वाजता.

जबरदस्त! मी चाल दिली की कुंता पत्ते टाकते. एकदा नाही, दर वेळी. भैय्यालाल तेवढा अडून बसतो आणि मार खातो. एका दिवसात इमेज बसली.

२६ फेब्रुवारी

आज खजिना सापडला. कुंताच्या फोटोवर बोट दाबलं की चित्रांची रांग येते. टमाटा, अंडं, चप्पल, हातोडा, बॉम्ब. जे दाबाल ते उडत जाऊन तिच्या तोंडावर फुटते. चप्पल लागल्यावर फट् आवाज येतो. पंचावन्न वर्षांत इतका सुंदर आवाज ऐकला नाही.

तंटामुक्तीच्या कागदात मोबाईलच्या चपलेबद्दल काही लिहिलेलं नाही. रविताकडून दोनदा वाचून घेतलं.

साठ-सत्तर मारल्या. बोट दुखलं तेव्हा थांबले.

चार वाजता तिच्याकडून एक चहाचा कप आला. चित्रातला. मी लगेच ओळखलं, घाबरली. इंद्रकुमार म्हणे, ही इमेजची कमाल आहे. मग म्हणे, आई, पण त्या चपलेले चिप्स लागते, पाचशे एका चपलेचे. मी म्हटलं, पायातली चप्पल दाखवू का, तिचे किती लागते ते सांग.

१ मार्च

नशीब नुसतं उतू जाऊन राहिलं. आज तीन राजे आले. मी बेलन आपटून आपटून चाल दिली, पोळपाट फुटला. भैय्यालालचे अर्धे चिप्स माझ्याकडे.

रविता म्हणते, आई, जिंकता तेवढं चपलेत चाललं, कमी होऊन राहिले. मला वाचता येत नाही म्हणून काहीही सांगते. पहिल्या दिवशी तिथं एक आकडा होता आणि मागं सहा अंडी. अंडं म्हणजे शून्य, म्हणजे काही नाही, एवढं बाजार करून करून मलाही कळतं. आज मी नीट पाहिलं. अंडी जवळपास सगळी गेली, त्यांच्या जागी भरगच्च आकडे. रिकामी घरं भरली, तर वाढले की कमी झाले? रविताला विचारलं तर ती नुसती कपाळाला हात लावून बसली. हिला अंगणवाडीत पोरं मोजायला ठेवलं सरकारनं.

बॉम्ब बावीस. चपला मोजल्या नाहीत. चहा एक, बरोबर चारला.

३ मार्च

आज एक घटना घडली. माझी चूक नाही.

कुंताचा कोंबडा भिंतीवरून आमच्या अंगणात उतरला आणि वाळवणातले तांदूळ खाऊन राहिला. मी त्याला मारलं नाही. मी फक्त मान पकडली. मान निघाली.

भैय्यालाल चौकशीला आला. म्हणे, अनुसयाबाई, कागदात लिहून दिलं होतं तुमी. मी म्हटलं, अंगाले हात लावायचा नाई असं लिहिलं ते कुंताच्या अंगाबद्दल. कोंबडा तिच्या अंगात येते का? म्हणे, नाई येत, पर... मी म्हटलं, पर त्याचे कापून ठेवले आहेत, नेऊन द्या. तो पिसं घेऊन गेला बिचारा. पंच आहे, पुरावा लागतो.

रस्सा झणझणीत झाला. भिंतीपलीकडून कुंता एकटीच दोन तास शिव्या देत होती. कोणाला म्हणून नाही, हवेला. तेवढी हुशारी आहे तिला. म्हणे, हात झडो, बोटं गळो, कोंबड्याच्या जागी जीभ शिजो. मी इकडून हवेलाच उत्तर दिलं. आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

एक गोष्ट विचित्र. शिव्या चालू होत्या तीन ते पाच. त्याच वेळात टेबलावर पत्तेही चालू होते. दोन्ही कामं एकदम करते बाई. मान्य करावं लागेल.

४ मार्च

संकल्प. आजपासून वाघीण बंद. इंद्रकुमार म्हणे, तुझं नशीब एवढं चालू आहे की ते आता तुझ्यासमोर चालच देईनात. मधूनमधून पत्ते टाक, हार, जरा गरीब दीस. मग ते फसतीन, मोठा डाव लावतीन, तेव्हा धर.

पटलं. उद्यापासून मी गरीब म्हातारी. वाघाचा फोटो काढून गाईचा लावायचा. चपला बंद. मारामारी बंद. मन शांत.

५ मार्च

गाईचा फोटो लावला. तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत गरीब होते.

मग तिनं माझ्या चालीवर परत पत्ते टाकले. ही सवय झाली तिची. न लढता पडते. माझ्यासारख्या बाईला असं टाळणं म्हणजे अपमान आहे. चपला शंभर. हातोडे चाळीस. बॉम्ब किती ते आठवत नाही, पडदा लाल झाला होता. इंद्रकुमार मधात बोलायला आला तर बेलन त्याच्या मनगटावर बसलं. सूज आहे थोडी. हळद लावली.

वाघ परत लावला. गाईला ते टेबल झेपत नाही.

चारला चहा आला. आज मी त्या कपावरही बॉम्ब टाकला.

८ मार्च. महिला दिन.

रविताच्या अंगणवाडीत कार्यक्रम. गावातल्या ज्येष्ठ महिला म्हणून मला आणि कुंताला पुढं बसवलं. खुर्च्या एकमेकींना लागून! हे काम रविताचंच. वर माईकवरून म्हणते, या दोघींकडून आपण एकोपा शिकावा.

कुंताचा कोपर माझ्या कोपराला लागून. चावावंसं वाटलं, दात तेवढे शिल्लक नाहीत.

तीन वाजले. मी पदराखाली मोबाईल काढला. टेबल चालू होतं. कुंताचा फोटो तिथं, कुंता इथं. मी पदरातून बॉम्ब टाकला आणि तिरप्या नजरेनं तिच्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही! आणखी दहा टाकले. ढिम्म. हात मांडीवर, दोन्ही दिसत होते. समोर बघत बसली. याला म्हणतात इमेज. बाईनं चेहरा दगड करून ठेवला आहे. मोबाईल तिनं कुठं लपवला असेल आणि कशानं चालवला असेल, याचा मी खूप विचार केला. कमरेला असेल. कोपरानं दाबत असेल.

मग सरपंचीणबाईनं नारळ द्यायला पुढं केला. कुंतानं हात लांब केला तो नारळाला न लागता सरपंचीणबाईच्या पोटात गेला. मुद्दाम. मला कळतं.

मीही माझा नारळ घेताना कुंताच्या पायावर सोडला. सुटला हातातून. भैय्यालालनं पाहिलं नाही. तीही काही बोलली नाही, फक्त ओरडली. ओरडणं बोलण्यात येत नाही.

१० मार्च. होळी दोन दिवसांवर.

भैय्यालाल कंगाल झाला. आता पंच म्हणून नुसता पाहतो.

कंगाल व्हायच्या आधीची एक गोष्ट लिहून ठेव. तीनपत्तीत साईड शो असतो. तिघं डावात असले की शेजारच्याला म्हणता येतं, दाखव तुझे पत्ते, मी दाखवते माझे, फक्त आपण दोघंच पाहू. समोरच्यानं हो म्हटलं तर. कुंता कधी चुकून डावात राहिली की मी लगेच साईड शो मागायची. चौदा वेळा मागितला. चौदा वेळा तिनं नाही म्हणून पत्ते टाकले. एकदाही माझे पत्ते पाहायची हिंमत झाली नाही.

इंद्रकुमारला विचारलं, एवढं घाबरतं का कोणी? तो म्हणे, आई, मी चार वर्षं झाली खेळून रायलो, असा खेळाडू पाहिला नाई. जिंकायचे पत्ते पन टाकून देते. समजून नाई रायलं.

त्याला समजत नाही. त्याची इमेज कधी बनलीच नाही.

आज चार वाजता चहा आला, सोबत गुलाबाचं फूल. शरण आली. फुलावर चप्पल मारली.

रविता म्हणते, आई, आता सहाच आकडे राहिले, आधी सात होते. मी म्हटलं, सहा असू दे, ठोस आहेत.

१२ मार्च, होळी. सकाळ.

आज निकाल. रात्री चांगली झोप झाली. झाडाखाली जाऊन आले. पाला जाळून खाली जमीन साफ करून ठेवली, फुलं पडली की दिसायला पाहिजेत. जाळ जरा वाढला. कुंताचं कुंपण गेलं, पाच-सात हात. वारा तिकडचाच होता.

फुलं वेचायला दोन नव्या टोपल्या घेतल्या. प्रेमिलाला, माझ्या मुलीला, चिचगडला फोन करून सांगितलं, लाडू तुझ्याकडं पाठवीन. तिच्याकडं जंगलात मोहच मोह आहे. तरी पाठवीन. या झाडाचे वेगळे.

संध्याकाळी सोबत बंडीची उभारी नेणार. टेकायला. सत्तरीत काहीतरी लागतं टेकायला.

१२ मार्च. दिवस बुडल्यावर.

रविता म्हणते उद्या लिहू. नाही. आत्ता लिही. पाय वर ठेवून सांगते.

सगळे झाडाखाली जमले. भैय्यालाल, इंद्रकुमार, रविता, कुंता. कुंता बंडीतून आली होती, बंडी मागं उभी, तिच्यावर ताडपत्री. मी म्हटलं मनात, आतापासून फुलं न्यायला बंडी आणली, तोंड पाहा.

भैय्यालालनं दोन्ही मोबाईल हातात घेतले. वाचलं. अनुसयाबाई, सात लाख एकसष्ट हजार. कुंताबाईच्या घरचे, आठ लाख त्र्याण्णव हजार. झाड कुंताबाईचं.

मी म्हटलं, उलटं वाचलं.

त्यानं परत वाचलं. तेच.

इंद्रकुमारनं सांगितलं, मनगटाला फडकं बांधलेला हात पुढं करून करून. म्हणे, आई, तू हारली नाहीस, अकरा लाख जिंकलीस. भैय्यालालचे सगळे जिंकलीस. पर चपला मारल्या एकोणीसशे चार. बॉम्ब दोनशे, ते आनखी महाग. साडेतेरा लाख तू फेकून मारले. तिकडून फक्त रोजचा एक चहा गेला.

मी कुंताकडं वळले. कागदाची मुदत संपली होती, तोंड मोकळं झालं. म्हटलं, लबाड बाई, मोबाईल कमरेत लपवून खेळली न वो तू! महिला दिनाच्या दिवशी माझ्या बाजूले बसून कोपरानं पत्ते टाकले!

कुंता म्हणे, कायचा मोबाईल? मले दोन्ही डोऱ्यांत मोतीबिंदू, आखाजी झाल्यावर ऑपरेशन आहे. तुझं तोंड नाई दिसत मले, तेवढंच सुख आहे. पत्ते कायले दिसतीन?

मी म्हटलं, तं मंग खेळलं कोन?

म्हणे, हे.

नवऱ्याला ती नावानं हाक मारत नाही, मीही मारली नाही माझ्याला कधी. हे म्हणजे कोण ते मला कळलं. पण कळून घ्यायचं नव्हतं. मी उभारी उचलली. पूर्ण उचलली, डोक्याच्या वर. १९९९ च्याच जागेवर मारणार होते, टाक्याची खूण अजून दिसते.

तेवढ्यात बंडीतल्या ताडपत्रीमागून कोणीतरी खाकरलं.

पंचावन्न वर्षं. हात विचारत नाहीत. दोन्ही हात पदराकडं गेले. उभारी सुटली आणि माझ्याच पायावर आली. अंगठ्याचं नख गेलं. मी ओरडलेही नाही. त्यांच्यासमोर कधी ओरडले नव्हते.

पदराआड अंधारात उभी राहिले, पायातून रक्त, आणि कुंता बोलून राहिली. सारं काढलं तिनं. म्हणे, मी रोज याईच्या नावानं ओरडत होती, खेळा न जी, झाड जाऊन रायलं! तं म्हने, लहान भावाच्या घरची बहू आहे. बहूच्या पत्त्यासंगं आपले पत्ते कायले भिडवू? तिनं चाल देल्ली का टाकून देत. तिचे पत्ते पाहाले मांगे, तं आनखीच टाकून देत. एवढी मोठी जीत हातची सोडली या मानसानं, आनि तू तिकडून चपला!

मग म्हणे, चपला आल्या का हासत बसत. म्हने, ती आज लय रागात आहे, चहा पाजा.

रविता, इथं पाणी दे आधी.

१३ मार्च, धुळवड

अंगठ्याला पट्टी. बाहेर रंग. मी घरात.

संकल्प. ॲप काढून टाकायचं.

एकोणीसशे चार. मान खाली घालून ज्यांच्या अंगणातून पंचावन्न वर्षं पाणी वाहिलं त्यांना. हातोडे वेगळे. टमाटे कोणी मोजलेच नाहीत. फुलावरची एक चप्पल वेगळी.

इंद्रकुमार म्हणे, आई, मोबाईलमधली चप्पल लागत नाई. मी बेलन उचललं नाही. तो घाबरून रविताला म्हणे, आईले ताप आहे का पाहा.

१७ मार्च. संध्याकाळ.

फुलं पडायला लागली. पांढरी चादर झाडाखाली, मी साफ केलेल्या जमिनीवर. सकाळीच कुंता दोन टोपल्या घेऊन बसली, हातानं चाचपत. डोळ्यांनी दिसत नाही, वासावर वेचते. टोपलीत फूल, फूल, बकरीची लेंडी, फूल, लेंडी. मी धुऱ्याच्या इकडून पाहत बसले. बोलायला आता बंदी नाही. तरी अर्धी टोपली भरेपर्यंत सांगितलं नाही.

मग सांगितलं. ती म्हणे, तूच टाकल्या असशीन. आणि टोपली फेकून मारली. कपाळाला लागली, मला. दोन टाके. मीही तिच्या पाठीत एक बुक्की दिली, लंगडत लंगडत. थोडं बरं वाटलं. पण चार वाजेपर्यंतच.

२० मार्च. चार वाजता.

ॲप काढलेलं नाही. इंद्रकुमारला वेळ झाला नाही, मी सांगितलं नाही.

टिंग वाजलं. टेबलावर कुंताचा फोटो, आणि चहाचा कप.

काही न पाठवणं वाईट दिसतं. चप्पल तर शक्यच नाही. रविताकडून शोधून घेतलं, मीही एक चहा पाठवला. मग तिकडून पत्ते वाटले गेले. उठून जाणंही बरं दिसत नाही.

मी पदर ओढला. हनुवटीपर्यंत.

रविता म्हणे, आई, मोबाईलमधून त्याईले तुमी दिसत नाई. मी म्हटलं, मले माहीत आहे. तू लिही.

पदराआड पत्ते दिसत नाहीत. बोटानं चाचपून हिरवं बटण दाबत गेले.

दहा डाव झाले. पत्ते एकदाही पाहिले नाहीत. दहाही जिंकले.